खंडेनवमीची झेंडी

अंगण निम्मं सारवून झालं होतं. शेणकाल्याची पाटी कडेला ठेवलेली, निम्म्या अंगणात बोटांच्या ओल्या रेघा, उरलेलं निम्मं कोरडं ठाक. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. सारवणाऱ्या बाई उठल्या, बादलीत हात बुडवले, पदर कमरेला खोचला आणि आत जाऊन फोनवर म्हणाल्या, "व्हय साहेब, बंद करते." मग चरखीकडे गेल्या, दांडा फिरवून गेट खाली आणलं, आणि आमची जीप जिथल्या तिथं थांबली.

पद्माबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. शनिवार होता. हिंगोलीहून आमच्या गावच्या मारुतीला मी दर शनिवारी जीपनं जाते, आणि त्या रस्त्यात हे रेल्वेचं गेट लागतं. तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती आणि आगगाड्या लहान रुळांवरून जायच्या. गेटला लागून एक खोली, खोलीपुढं ते अंगण, एक कडुलिंब, आणि बाकी चहूकडं रान. गाव दिसायचं ते लांब, धुरकट.

त्यांचा नवरा याच गेटवर नोकरीला होता. तो तापानं गेला आणि रेल्वेनं त्याच्या जागी पद्माबाईंना घेतलं. दुसऱ्या पाळीला जळबा नावाचा माणूस सायकलवर यायचा. "आलो" आणि "चाललो" यापलीकडे त्याचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. राहता राहिला मुलगा, शिवहार. तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल.

हळूहळू आमची ओळख झाली. गाडी उशिरा असली की मी जीपमधून उतरून त्यांच्या अंगणात बसायची. मारुतीला वाहायच्या रुईच्या पानांचा हार त्या गेटजवळच्या झाडाची पानं तोडून मला करून द्यायच्या. एकदा हार ओवता ओवता म्हणाल्या, "वैनी, मला माणसाचा आवाज कानावर पडतो तो गेट बंद असल्यावरच. उघडलं की समदे जातेत."

मी म्हटलं, "गावात खोली करून राहा की."

"अन् फोन कोण उचलील? जळबा तर फोनवरबी नुसती मान हलवतो."

शिवहार रुळांच्या कडेला खडी वेचत खेळायचा. त्याच्यापायी पद्माबाईंचा जीव सारखा टांगलेला. म्हणून त्यांनी त्याला एक शिस्त लावली होती: "म्या पदर खोचला की तू घरात. गाडी जाईस्तवर उंबऱ्याच्या भाईर पाय टाकायचा न्हाई." लेकराचं सगळं लक्ष त्या पदराकडं. हातात काही असो, आईनं पदर कमरेला खोचला की ते असेल तिथून धूम ठोकायचं. जीपवाले हसायचे. थावरा म्हणून एक वयस्क ड्रायव्हर होता, तो म्हणायचा, "मावशी, तुमच्या पोराला इंजिनाची शिट्टी ऐकू येत न्हाई, पदर तेवढा दिसतो."

"तेवढा दिसला तरी बास झालं बाबा," पद्माबाई म्हणायच्या.

आता शर्यतीचं सांगते.

गेट बंद झालं की जीपगाड्या एकामागं एक लागायच्या. गाडी गेली, गेटची दांडी वर झाली, की सगळ्या एकदम सुटायच्या, कारण पुढच्या फाट्यावर जो पहिला पोचेल त्याला तिथं वाट बघत बसलेली माणसं मिळायची. दांडी अर्धी वर होते न होते तोच पहिला तिच्याखालून निघायचा. एके दिवशी नामाजी धनगराची मेंढरं मधे आली. एक कोकरू चाकाखाली गेलं. नामाजीनं ते खांद्यावर घेतलं आणि पद्माबाईंच्या अंगणात आणून ठेवलं. त्यांच्या गेटवर झालं, म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून पद्माबाईंनी वेगळंच सुरू केलं. गाडी गेली तरी दांडी वर करायच्या नाहीत. आधी रांगेतल्या एकेका जीपपाशी जायच्या, ड्रायव्हरच्या तोंडाकडं पाहायच्या आणि विचारायच्या, "बराबर?" त्यानं तोंडानं "बराबर" म्हटल्याशिवाय पुढच्या जीपकडं जायच्या नाहीत. नुसती मान हलवलेली चालायची नाही. बराबर म्हणजे मी ऐकलंय, माझ्यापुढं कोण आहे ते मला दिसतंय, मी माझ्या नंबरानं निघणार. सगळे बराबर म्हणाले की मग चरखी.

"मावशी, उशीर होऊन राहिला," भावसिंग नावाचा एक जीपमालक पहिल्या दिवशी म्हणाला. तोंडाचा मोठा फटकळ माणूस.

"व्हऊ दे."

"पाशिंजर उतरून चालत जाऊन राहिले."

"चालत जाणाऱ्याखाली कोकरू येत न्हाई. बराबर?"

"...बराबर."

ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. आम्ही बसणाऱ्या बायकासुद्धा ड्रायव्हरच्या आधी "बराबर" म्हणून टाकायचो.

खंडेनवमीला आमच्याकडं गाड्यांची पूजा असते. झेंडूच्या माळा, लिंबू, नारळ. त्या दिवशी भाडं मारायचं नाही. मग जीपवाल्यांनी ठरवलं की रोजची गेटवरची हौस वर्षातून एकदा त्या दिवशी भागवायची, गावाबाहेरच्या माळावर. तीन-तीन जीप सोडायच्या, लांबच्या एका बाभळीला वळसा घालून परत. बक्षीस म्हणजे एक फेटा, तोही थावरानं बांधायचा.

शर्यत सोपी होती, अडलं ते सुरुवातीपाशी. पहिल्या साली "एक, दोन, तीन" म्हणून सोडल्या. कुणी तीन म्हणताना निघालं, कुणी तीन म्हणून झाल्यावर, आणि संध्याकाळपर्यंत भांडण. दुसऱ्या साली सुतळी बॉम्ब लावला. तो काही वाजेना. सगळे इंजिन सुरू ठेवून त्याच्याकडं बघत बसले, आणि तेवढ्यात लांब वस्तीवर कुणाच्या तरी लेकरानं दिवाळीआधीच एक फटाका उडवला. त्याच्यावर दोन जीप सुटल्या. तिसरा ओरडत राहिला, "अरे आपला अजून वाजायचा हाये."

तेव्हा थावरा म्हणाला, "आपण रोज जिचं ऐकतो तिलाच बोलवा ना."

पद्माबाईंनी आधी नाहीच म्हटलं. सरकारी झेंड्या अशा कामाला न्यायच्या नाहीत, हे एक. दुसरं, बाईमाणूस माळावर शंभर गड्यांपुढं काय उभी राहणार. मीच म्हटलं, "अहो, रोज रस्त्यावर उभ्या राहताच की." मी त्यांना नवरात्रातल्या ओटीचा हिरवा खण दिला. लाल कापड त्यांच्याकडं होतं. दोन काठ्यांना दोन कापडं शिवून झेंड्या झाल्या. जळबानं त्या दिवशी पाळी बदलून दिली. "जावा," एवढं म्हणाला.

पहिल्याच वेळी जीप सोडताना गोंधळ झाला. रेल्वेत हिरवी झेंडी दाखवली की गाडीला वाट मोकळी. त्यांनी झेंडी वर धरली आणि दोघे निघाले, तिसरा ती खाली यायची वाट बघत राहिला. पद्माबाईंनी लाल फडकावून सगळ्यांना परत आणलं. मग नियम सांगितला, आणि तो नियम पुढं सगळी वर्षं टिकला. आधी एकेका जीपपाशी जाऊन बराबर. मग त्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशा उंचवट्यावर. झेंडी वर गेली की गियर टाकायचा, चाक हलवायचं नाही. झेंडी पडली की सुटायचं. आधी हलला त्याला लाल. त्यानं जीपभर मागं जाऊन पुन्हा लागायचं. दुसऱ्यांदा हलला की तो बाहेर, पुढल्या खंडेनवमीला यायचं. आणि झेंडी कधी पडणार हे झेंडीलाच ठाऊक. त्या मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायच्या, कधी एकदा, कधी तीनदा, म्हणजे कुणाला अंदाज लागू नये.

त्यांच्या झेंडीवर कितीतरी वर्षं तंटा झाला नाही. वर्षभर रानात एकटी राहणारी ही बाई त्या एका दिवशी माळावर सगळ्यांची मावशी असायची. कुणी चहा आणतंय, कुणी खुर्ची, लेकरं झेंडी धरायला मागताहेत. शर्यत संपली की थावरा त्यांना जीपनं गेटवर सोडायचा, आणि पुढं कितीतरी शनिवार त्या मला त्याच दिवसाच्या गोष्टी सांगायच्या. कोण कसा वळला, कुणाच्या जीपचं दार निसटून पडलं, भावसिंग दुसरा आला तेव्हा त्याचं तोंड कसं झालं.

शिवहार मोठा झाला. शाळेत फार रमला नाही. जीपवर आधी माणसं भरणारा म्हणून लागला, मग ड्रायव्हर. भावसिंगचीच जीप चालवायचा. आईच्या गेटवर थांबला की पद्माबाई त्यालाही विचारायच्या, "बराबर?" आणि तोही इतरांसारखा, "बराबर, मावशी," म्हणायचा. जीपमधली माणसं हसायची. पद्माबाई तोंड फिरवून हसायच्या.

हिंगोली जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्या खंडेनवमीला शिवहार पहिल्यांदा शर्यतीत उतरला. पद्माबाई म्हणत होत्या, झेंडी दुसऱ्या कुणाला द्या, पोरगं माझं हाये. थावरा म्हणाला, "मावशी, तुमच्यावर कोण शक घेणार?"

मी दुपारचा नैवेद्य आटोपून गेले होते. थावराच्या जीपमागं बायकांत बसले होते. वारा सुटला होता. शिवहार मधल्या जीपमध्ये, पुढच्या काचेवर झेंडूची माळ. पद्माबाईंनी तिघांना विचारलं, तिघं बराबर म्हणाले. त्या उंचवट्यावर गेल्या. झेंडी वर गेली. आणि शिवहारची जीप उडी मारल्यासारखी निघाली. झेंडी अजून वरच होती.

पद्माबाईंनी लाल दाखवली. तो परत आला. जीपभर मागं जाऊन लागला. पुन्हा बराबर, पुन्हा झेंडी वर. आणि पुन्हा तो निघाला. झेंडी पुन्हा वरच.

दुसरी वेळ म्हणजे बाहेर. पद्माबाईंनी लाल झेंडी धरून हातानं बाहेरची बाजू दाखवली. शिवहार जीपमधून उतरला आणि सरळ आईपाशी गेला. वारा त्यांच्याकडून आमच्याकडं होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"काहून गं आई? तूच तर सोडलंस मला."

"झेंडी म्या पाडली न्हवती."

"झेंडी न्हाई. पण तू सांगितलंस. दोन्ही बारीला सांगितलंस."

यावर लोकांत कुजबुज झाली. शेजारच्या जीपमधला खेमा खाली उतरला. म्हणाला, "म्हणजे मायलेकरांचा आतून इशारा व्हता व्हय?"

पद्माबाईंचं तोंड पांढरं पडलं. त्या म्हणाल्या, "म्या काही इशारा केला न्हाई. कोणाच्याबी पायावर हात ठेवून सांगते." मग शिवहारकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "खोटं कशाला बोलून राहिला रे?"

भावसिंगला राहवलं नाही. हसत म्हणाला, "जाऊ द्या रे. आईचा पदर धरून निघालं पोरगं, चुकलं असंल."

तो सहज बोलून गेला, पण सगळा माळ हसला. शिवहारनं भावसिंगकडं पाहिलं, मग आईच्या कमरेकडं, तिथं खोचलेल्या पदराकडं पाहिलं. किल्ली जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि चालत रस्त्याला लागला. पद्माबाईंना मागं जाता येईना. दोन जीप इंजिन सुरू ठेवून उभ्या होत्या आणि झेंडी त्यांच्या हातात होती. त्यांनी झेंडी पाडून ती शर्यत सोडली. त्यानंतरच्याही सोडल्या.

शिवहार गेटवर आला नाही. आठवडाभरानं कळलं की तो नांदेडकडं गेला, मालट्रकवर लागला. निरोप नाही, पत्र नाही. त्या रस्त्यानं ट्रक घेऊन यायची वेळ आली तर दुसऱ्याला चाक देतो, नाहीतर कळमनुरीकडून जातो, असं ड्रायव्हर लोक सांगायचे.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या एका शनिवारी मी गेटवर बसले होते. फोन वाजला. पद्माबाईंनी गेट बंद केलं, हिरवी झेंडी काढली, आणि रुळांकडं जाता जाता डाव्या हातानं पदर कमरेला खोचून मागं वळून उंबऱ्याकडं पाहिलं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. गाडी गेली. त्या तशाच उभ्या. मी हाक मारली तेव्हा आल्या आणि जोत्यावर बसल्या. तिकडं जीपवाले हॉर्न वाजवत होते.

"वैनी," त्या म्हणाल्या, "म्या त्याला सांगितलंच की."

मला कळलं नाही.

"झेंडी हातात घेतली की म्या पदर खोचते. मला ठाव बी न्हाई. आत्ता खोचला तवा ध्यानात आलं. लहानपणापासून त्याला तेवढंच शिकवलं म्या. पदर खोचला की पळ. त्या दिशी वाऱ्यानं पदर उडत व्हता, म्या खोचला असणार. दोन्ही बारीला. त्यो झेंडीकडं बघतच न्हवता."

मी म्हटलं, "त्यालाही ते समजलं नसेल तेव्हा."

"त्याला समजलं. जाताना पाहिलं त्यानं. म्या चारचौघात त्याला खोटा म्हणलं."

हॉर्न फार झाले तशा त्या उठल्या. एकेकाला विचारत गेल्या, बराबर, बराबर. आवाज रोजच्यासारखाच होता.

तू खोटा नव्हतास, हा सांगावा मुलापर्यंत पोचवणं, एवढीच एक गोष्ट त्यांना पुढं वर्षभर करायची होती. पण कुणाच्या हाती पाठवायचा? एकटीनं सांगितलं तर आईनं पोराची बाजू घेतली असंच म्हणणार, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्यापुढं खोटा ठरवला त्यांच्यापुढंच खरा ठरवायचा. मी शनिवारी त्यांच्या नावानं मारुतीला नारळ फोडत होते. दुसरं माझ्या हातात काय होतं?

पुढची खंडेनवमी आली. पहिल्या तीन जीप लागल्या. पद्माबाई कुणाला बराबर विचारायच्या आधीच उंचवट्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "जरा इंजनं बंद करा."

बंद झाली.

"गेल्या साली खेमानं इचारलं, इशारा व्हता का. म्या न्हाई म्हणलं. व्हता. मला मालूम न्हवता, पण व्हता." आणि पदराचं सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं. "पोरगं झेंडीआधी निघलं हे खरं. लाल बराबर व्हती. पण त्यो खोटं बोलला न्हाई. ते माझ्या तोंडातून चुकीचं गेलं."

कुणी हसलं नाही. भावसिंग खाली बघून टायरला पाय लावत राहिला. थावरा पुढं आला. "झालं मावशी, समद्यांनी ऐकलं. आता सोडा गाड्या."

"न्हाई. हे घे." त्यांनी दोन्ही झेंड्या त्याच्या हातात दिल्या. "माझा एक हात झेंडी धरतो अन् दुसरा काय करून राहिला ते मला कळत न्हाई. असल्या माणसानं सोडू नये."

"अवो मावशी, पदराला एक पिन लावा की," मागून कुणीतरी म्हणालं. तेही प्रेमानंच. पण त्या माळावरून चालत निघाल्या. मी बरोबर निघाले तर म्हणाल्या, "तुमी बघा शर्यत, वैनी. गेटवर जळबा माझी वाट पाहतोय." जळबानं त्या दिवशी दोन्ही पाळ्या घेतलेल्या होत्या, हे मला माहीत होतं.

त्यानंतर माळावर त्यांना पुन्हा बोलावून पाहिलं, पण त्या गेल्या नाहीत. थावरानं झेंडी धरून पाहिली. त्याला सगळे चिडवतात आणि तोही सोडायच्या आधी स्वतःच हसतो. आता पुन्हा फटाका आणतात.

मग रुंद रुळांच्या कामासाठी आगगाड्या बंद झाल्या. जुने रूळ उखडून कडेला रचले. फोन वाजायचा थांबला. हजेरी मात्र होती, सामानावर लक्ष ठेवायला. दांडी कायमची वर. जीपगाड्या न थांबता, हॉर्न देऊन निघून जातात. हात वर करतात, पण वेगात. मी ड्रायव्हरला सांगून उतरते आणि परतीच्या जीपपर्यंत त्यांच्यापाशी बसते. अंगण त्या एका दमात सारवून काढतात. मधे उठवणारं काही राहिलं नाही.

गेल्या शनिवारी मी बसलेली असताना एक जीप थांबली. खेमा उतरला. माळावर इशारा म्हणणारा तोच. अंगणाच्या कडेला चपला काढून उभा राहिला.

"मावशी, नांदेडला हळदीची पोती टाकायला गेलो व्हतो. शिवहार भेटला."

पद्माबाई हातातलं सूप खाली ठेवत नव्हत्या आणि पाखडतही नव्हत्या.

"बरा हाये. ट्रक चालवतो. म्या त्याला सांगितलं समदं. तुमी माळावर काय बोलल्या ते. तुमी जशा बोलल्या तसंच."

"काय म्हणला?"

"काही न्हाई म्हणला. चहा पाजला मला." खेमानं टोपी काढून हातात घेतली. "मग इचारलं, आता झेंडी कोण धरतंय. म्हणलं कोणीच न्हाई, मावशीनं सोडली. तर म्हणे, काहून सोडली, तिच्यासारखी कोणाला येती."

"अजून?"

"म्हणे, मंगळवारी त्यो नांदेडलाच असतो. गाडीचं काम असतं. असं नुसतं म्हणला. तुमाला सांग असं न्हाई म्हणला बरं, म्या उगं वाढवून सांगत न्हाई."

"नको वाढवू."

खेमानं अड्ड्याचं नाव सांगितलं, कुठं उतरायचं, कोणत्या पंपामागं. त्यांनी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. जीपमधली माणसं हाका मारायला लागली तसा तो गेला. पद्माबाईंनी सूप उचललं, थोडं पाखडलं, आणि मला म्हणाल्या, "वैनी, त्यो बोलला न्हाई तर?"

मी म्हटलं, "न बोलला तर बसून या. अड्ड्यावर बाकडं असेलच."

"त्यानं तोंड फिरवलं तर?"

मी मारुतीचा अंगारा पुडीत बांधलेला होता तो त्यांच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात जळबा सायकल टेकवत आला. "आलो," म्हणाला. पद्माबाईंनी त्याला विचारलं, मंगळवारी दोन्ही पाळ्या बघशील का. तो सायकलला कुलूप लावत होता. "बघतो," म्हणाला, आणि कुलूप ओढून बघत, "त्याच्यासाठी चिंचा न्या. लई खायचा."

रानातल्या चिंचा पाडून झाल्या आहेत. मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं पद्माबाई नांदेडला जायच्या आहेत, ट्रकच्या अड्ड्यावर शिवहारला भेटायला.